सहा महिने म्हणजे बावन्न फेऱ्या

गेल्या वर्षीच्या रमजानमधली गोष्ट. वीसएक रोजे झाले होते. मगरीबची नमाज पढून आम्ही सगळे चहाला बसलो होतो आणि धाकट्याने मोबाइल पुढे केला. बातमी अशी होती की येत्या सहा महिन्यांत बॅटरीवरच्या गाड्यांची किंमत पेट्रोलच्या गाड्यांएवढी होईल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी दिल्लीतल्या एका प्रदर्शनात तसे सांगितले होते. चहा निवत राहिला आणि आमच्या घरात हिशोब सुरू झाला.

त्याला कारणही तसेच होते. आमचे घर दोन गावांत वाटलेले. अम्मी आणि धाकटा इंदापूरला, थोरला एमआयडीसीतल्या नोकरीमुळे बारामतीत, कसब्यात. २०२४ सरता सरता अम्मीच्या किडन्यांनी साथ सोडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आणि जागा मिळाली ती बारामतीत, मंगळवार आणि शुक्रवार. इंदापूर ते बारामती पन्नास किलोमीटर धरा. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, काटेवाडी. रस्ता पालखी मार्गाच्या कामानंतर चांगला झाला आहे, पण गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात आणि पन्नास किलोमीटरला किती वेळ लागेल ते अल्लाहलाच ठाऊक.

पहिल्या महिन्यात एसटीने नेऊन पाहिले. जाताना ठीक असायचे. येताना चार तास मशीनवर पडून अम्मीचे बीपी उतरलेले असायचे, स्टँडवर उभे राहणे तिला जमेना. एकदा बाकावरच आडवी झाली. त्यानंतर इंदापुरातला एक ओळखीचा गाडीवाला ठरवला. थांबण्यासकट एका फेरीचे दीड हजार. तो माणूस भला, कधी वाढवून मागितले नाहीत. पण आठवड्याला तीन हजार म्हणजे तीन हजारच.

अम्मीने बारामतीतच राहावे असे आम्ही किती वेळा म्हटले. ती म्हणते, 'सुई टोचून घ्यायला तुमच्या गावाला येते, तेवढे पुरे. झोपायला मला माझे घर पाहिजे.' यावर कोण काय बोलणार?

तर त्या रात्री हिशोब मांडला. दोघा भावांची शिल्लक मिळून चार लाखांच्या आसपास होती. तेवढ्यात तीन वर्षांची जुनी एक पेट्रोल गाडी आम्ही बारामतीतच बघून ठेवली होती. गॅरेजवाल्या चाचांनी बॉनेट उघडून, इंजिन चालू करून, कान देऊन ऐकले होते आणि मान हलवली होती, म्हणजे घ्यायला हरकत नाही. रमजान ईदनंतर व्यवहार करायचा असे ठरत आले होते. आणि आता ही बातमी. सहा महिन्यांत जर बॅटरीची नवी गाडी पेट्रोलच्या भावात येणार असेल तर जुन्या इंजिनात पैसे का घाला? आम्ही थांबलो. थांबा असे मंत्र्यांनी आम्हाला सांगितले नव्हते, हे आधीच कबूल करतो. तो निर्णय आमचा.

सहा महिने ऐकायला थोडे वाटतात. आठवड्याला दोन या हिशोबाने त्यात डायलिसिसच्या बावन्न फेऱ्या होतात. बावन्न गुणिले दीड हजार, अठ्ठ्याहत्तर हजार रुपये. हा गुणाकार आम्ही त्या रात्री केला नाही. तो पुढे, पैसे गेल्यावर केला.

खरे तर आमच्या घराला असल्या शब्दांची सवय असायला हवी होती. २००८ च्या जानेवारीत टाटांनी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लाखाची गाडी दाखवली, तेव्हा अब्बा हयात होते. स्कूटरवर चौघे बसून जाणाऱ्या कुटुंबासाठी ही गाडी, असे रतन टाटा सांगत, आणि आम्ही तर अक्षरशः तेच कुटुंब. स्कूटरवर अब्बा, अम्मी आणि आम्ही दोघे, ईदगाहला जायचो तेव्हाचा फोटो अजून आहे. अब्बांनी फॉर्म आणला, भरला आणि कपाटात ठेवला. 'आधी दुसऱ्याच्या दारात उभी राहू दे,' म्हणाले. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना गुजरातेत साणंदला गेला, शोरूमच्या दारापर्यंत येता येता किंमत लाखाच्या वर सरकली, अर्ज दोन लाखांवर आले आणि पहिल्या लाखभर गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. मग मागणी ओसरली. २०१८ मध्ये उत्पादनच थांबले. टाटांनी दिलेला शब्द पाळायचा मनापासून प्रयत्न केला, असे अब्बा शेवटपर्यंत म्हणत. लोखंडाचा आणि रबराचा भाव मात्र कुणाच्या शब्दात नसतो. फॉर्म कपाटात तसाच राहिला.

बॅटरीच्या बाबतीत तर शब्द वारंवार दिला गेला आहे. जून २०२२ मध्येही गडकरींनीच एका वर्षात दोन्ही गाड्यांच्या किमती सारख्या होतील असे म्हटले होते. वर्ष उलटले, आणखी एक उलटले. आणि हे काही आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत इलॉन मस्क यांनी सप्टेंबर २०२० मध्ये पंचवीस हजार डॉलरची गाडी साधारण तीन वर्षांत आणू म्हटले होते. ती आली नाही. त्यांची कंपनी मुंबईत आली ती जुलै २०२५ मध्ये, आणि गाडीची किंमत साठ लाखांच्या घरात. कसब्यात या बातमीवर दोन दिवस हसू पिकले होते.

पण इन्साफाने बोलायचे तर हे सगळे नुसते थापांचे पीक नाही. बॅटरी खरोखर स्वस्त होत गेली आहे. २०१० च्या सुमाराला एक युनिट वीज साठवणाऱ्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर खर्च येत असे, २०२४ मध्ये तो सव्वाशे डॉलरच्या खाली आला. चीनमध्ये २०२० साली वुलिंग नावाची छोटी बॅटरी गाडी आपल्या तीन-सव्वातीन लाखांत विकायला निघाली आणि लाखोंनी खपली. म्हणजे अशी गाडी होऊ शकते. आपल्याकडे बॅटरीतले सेल मुख्यतः बाहेरून येतात, खप कमी, आणि कंपन्यांना छोट्या गाडीपेक्षा मोठ्या गाडीत नफा जास्त. बॅटरी स्वस्त झाली की कंपनी तीच किंमत ठेवून बॅटरी मोठी करते. जाहिरातीत किलोमीटर वाढतात, भाव आहे तिथेच राहतो.

एप्रिलमध्ये आम्ही शोरूम पालथी घातली. आपल्या खिशाजवळची म्हणून टाटांची टियागो पाहिली, कारण ती पेट्रोलवरही मिळते आणि बॅटरीवरही, त्यामुळे तुलना सोपी. बॅटरीची टियागो सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा ८ लाख ४९ हजारांपासून होती, तीही पहिल्या दहा हजार ग्राहकांसाठीची सुरुवातीची किंमत. २०२४ मध्ये ती ७ लाख ९९ हजारांवर उतरली आणि आम्ही गेलो तेव्हा तिथेच होती. तीच गाडी पेट्रोलवर पाच लाखांपासून. तीन लाखांचे अंतर. सहा महिन्यांत हे तीन लाख कुठे जाणार होते, हा प्रश्न आम्ही त्या दिवशी स्वतःला विचारायला हवा होता.

विक्रीला उभा असलेला मुलगा मात्र हुशार आणि अदबशीर होता. त्याने टॅबवर गणित करून दाखवले. एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर, एमआयडीसीप्रमाणे. धाकटा चमकला, म्हणाला, 'एमआयडीसीप्रमाणे म्हणजे? बारामतीच्या?' त्यावर सगळेच हसलो. ते गाड्यांची चाचणी करण्याच्या एका पद्धतीचे नाव निघाले, प्रयोगशाळेत ठरावीक वेगाने चालवून मोजतात ती. रस्त्यावर, एसी लावून, घरातले चौघे बसवून दीडशे-पावणेदोनशे धरा, असे तिथेच उभ्या असलेल्या एका गाडीमालकाने हळूच सांगितले. आमच्या जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला तेवढेही पुरे होते. अडचण ती नव्हतीच.

अडचण पुढच्या वाक्यात होती. 'सर, महिन्याचा हप्ता पेट्रोलच्या पैशांतच निघतो.'

पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे पाच रुपये लागतात, घरी चार्ज केल्यास बॅटरीच्या गाडीला दीड-पावणेदोन. हे खरे आहे, आम्ही नंतर कागदावर ताडून पाहिले. वाहनकरही बॅटरीच्या गाडीला माफ, तेवढे चाळीस-पन्नास हजार वाचतात. जो माणूस रोज शंभर किलोमीटर चालवतो त्याचे तीन लाखांचे अंतर दोन-सव्वादोन वर्षांत फिटते. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्या आमच्यासारख्याला सहा-सात वर्षे लागतात. अम्मीचे वय एकाहत्तर. आणि या सगळ्या गणिताच्या तळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कर्ज. आमच्या घरात अब्बांपासून सूदाचे कर्ज नाही. यात आम्ही कुणापेक्षा मोठे होत नाही, वाचकांपैकी अनेकांनी अडीअडचणीला घेतले असेल आणि त्यांचा हिशोब त्यांच्याकडे. पण ज्या घरात सूद नको असतो त्या घरात गाडीची किंमत म्हणजे एकरकमी मोजायचे पैसे. पुढच्या सात वर्षांत वाचणारे पेट्रोल आज शोरूमच्या काउंटरवर ठेवता येत नाही. बॅटरीची गाडी 'शेवटी स्वस्तच पडते' असे जो म्हणतो, तो त्या शेवटापर्यंत लागणारा पैसा हातात असलेल्याशी बोलत असतो.

सरकारी मदतीचे विचारले. २०२१ च्या राज्य धोरणात बॅटरीच्या गाडीला दीड लाखापर्यंत सूट होती, पण पहिल्या दहा हजार गाड्यांना. २०२५ च्या नव्या धोरणात टोलमाफी मिळाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. अम्मीच्या वाटेवर यातले काहीच लागत नाही.

मग एक नवीच युक्ती कळली. गाडी पाच लाखांच्या आत, बॅटरी वेगळी, तिचे किलोमीटरला अडीच रुपये द्यायचे. ऐकून बरे वाटले. भाडे तर शरीयतीत जायज आहे, घराचे देतो तसे बॅटरीचे द्यायचे. त्यावर विजेचे दीड-पावणेदोन, म्हणजे सव्वाचार झाले, पेट्रोलपेक्षा जेमतेम पाऊण रुपया कमी. तरीही, म्हटले, विचारून घेऊ. जुम्याला बारामतीत नमाजनंतर मौलानांना गाठले. त्यांनी हो-नाही काही न म्हणता एकच विचारले, 'बॅटरी बिघडली तर नुकसान कुणाचे?' ज्याची मालकी त्याचा धोका, भाड्याच्या व्यवहाराची ही साधी कसोटी. छप्पर गळाले तर घरमालकाने दुरुस्त करायचे. आम्ही म्हणालो, कंपनीचेच असणार. ते म्हणाले, 'असणार नको. कागद आणा.'

कागद आणले. आमच्या हातात जो नमुना आला त्यात भाडे हा शब्द नव्हताच. बॅटरीसाठी एका वित्तसंस्थेचे कर्ज होते, व्याजासकट, आणि किलोमीटरचे पैसे म्हणजे त्याचा हप्ता. महिन्याला गाडी कमी चालली तरी किमान किलोमीटरचे पैसे द्यायचेच. मौलानांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, 'नाव बदलले म्हणून चीज बदलत नाही.' सगळ्या कंपन्यांचे कागद असेच असतील असे आमचे म्हणणे नाही. आमच्यापुढचा असा होता.

त्या दिवशी मौलाना आणखी एक बोलले, ते आम्हाला गाडीपेक्षा जास्त उपयोगी पडले. हजरत मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले लोक पुढच्या वर्षी-दोन वर्षांनी येणाऱ्या खजुरांसाठी आज पैसे देत. आपण तो व्यवहार बंद केला नाही, त्याला बांध घातला: माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदतही ठरलेली हवी. फिक्हमध्ये याला सलम म्हणतात. पुढे येणाऱ्या मालावर विश्वास ठेवायला बंदी नाही, पण काय, किती, कितीला आणि कोणत्या दिवशी, हे चारही सांगितल्याशिवाय तो व्यवहार होत नाही. पाण्यातला मासा आणि आभाळातला पक्षी विकायला मनाई आहे ती याचसाठी. घरी येताना धाकटा म्हणाला, 'आपल्याला तर कुणी मासाही विकला नाही. नुसते सांगितले की नदीत आहे.' आणि आम्ही गळ टाकून बसलो होतो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दीड हजार देत.

अब्बांची एक सवय आठवली. घरात कुणी काम टाळायला 'इन्शाअल्लाह करू' म्हटले की ते चिडायचे. म्हणायचे, 'नियत असेल तर वेळ सांग, मग इन्शाअल्लाह म्हण.'

आम्ही बॅटरीच्या विरोधात आहोत असा कुणाचा समज होऊ नये. बारामतीकर तसा असूच शकत नाही. इथल्या एमआयडीसीत पियाज्जोचा कारखाना आहे, आपे रिक्षा इथेच होतात आणि २०१९ च्या अखेरीपासून त्यात बॅटरीची आपेही आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने बॅटरीची रिक्षा घेतली. दिवसाला ठरलेले फिरणे, रात्री दारात चार्जिंग, सकाळी पुन्हा कामाला. त्याचे उत्पन्न आमच्या डोळ्यांदेखत वाढले. रोजचे भाडे कमावणाऱ्याला वाचलेले पेट्रोल त्याच संध्याकाळी हातात मिळते. आमची गाडी कमावणारी नव्हती, एका आजारी बाईला नेणारी होती. फरक एवढाच.

जुन्या बॅटरी गाडीचाही विचार झाला. गॅरेजवाले चाचा एक पाहायला आले, भोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, 'बाबांनो, मी इंजिनचा आवाज ऐकून सांगणारा माणूस. हिला आवाजच नाही, काय सांगू?' बॅटरीत किती जीव उरला आहे ते कळण्याचे साधन ना त्यांच्याकडे ना आमच्याकडे. शिवाय इंदापूरच्या घराची वायरिंग अब्बांच्या काळातली. वायरमन म्हणाला, मीटरपासून वेगळी लाइन, नवे अर्थिंग आणि जोडभार वाढवायचा अर्ज, एवढे आधी. तोपर्यंत आम्ही बघून ठेवलेली पेट्रोल गाडी फलटणच्या एकाने नेली होती.

सप्टेंबर आला. ईद-ए-मिलाद झाली. सहा महिने भरले. बॅटरीची टियागो होती तिथेच होती. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. बॅटरीच्या गाडीला आधीपासून पाचच टक्के होता, तिचे काही कमी व्हायचे नव्हते. पेट्रोलची टियागो साडेचार लाखांच्या थोडी वर आली, त्याहून लहान गाड्या साडेतीन लाखांपासून मिळू लागल्या. दोन्ही किमती सारख्या व्हायच्या त्या मुदतीत त्यांच्यातले अंतर उलट वाढले. थांबण्याचा काही फायदा झालाच म्हणायचा तर तो पेट्रोलच्या गाडीला झाला.

चार लाखांतले अठ्ठ्याहत्तर हजार तोवर रस्त्यावर गेले होते. शोधली ती सगळ्यात लहान नवी पेट्रोल गाडी, कर आणि विमा धरून सव्वाचार लाखांच्या आत बसणारी. मामूंनी एक लाख कर्जे हसना दिले. वहीत रक्कम लिहिली, परत करण्याची तारीख लिहिली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मामू म्हणत होते, भाच्यांशी कसली लिखापढी? आम्ही म्हणालो, तारीख लिहाच.

दिवाळीच्या आधी गाडी इंदापूरच्या दारात आली. पहिल्या मंगळवारी अम्मी पुढच्या सीटवर बसली, दुपट्टा सारखा केला, बिस्मिल्लाह म्हणाली. भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो तेव्हा तिने विचारले, 'ही बॅटरीची का रे?'

'नाही अम्मी. पेट्रोलची.'

'बरं झालं. चालू आहे ते ऐकू तरी येतं.'

बारामतीत पोचलो, तिला मशीनवर घेतले, आणि बाहेर बाकावर बसून धाकट्याने मोबाइल उघडला. याच महिन्यातली बातमी होती. चार ते सहा महिन्यांत बॅटरीच्या गाड्या पेट्रोलच्या भावात येतील. त्याने मोबाइल थोरल्यापुढे धरला. थोरल्याने वाचले, मनाशी काही मोजले आणि म्हणाला, 'कमीत कमी पस्तीस फेऱ्या. चल, चहा घेऊ.'